आठ पदरी बूनडॉगल

गॅरेट वेम्पलच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता. रोज सकाळी कॉफीला उकळी येईपर्यंत तो चामडं कापायची आपली अर्धगोल रापी चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, धार पाहायला तीच हातावरून फिरवायचा आणि निघालेले केस फुंकरीनं उडवून द्यायचा. ते टेबलावर पडायचे, कधी मक्याच्या लापशीतही. ऑर्फा, त्याची मुलगी, लहानपणापासून हे पाहत आली होती. मधली लग्नाची सात वर्षं काय ती सुटका. मग नवरा गेला, ती माहेरच्या गावात परतली, आणि पुन्हा लापशीत केस.

"बाबा, तिकडे तोंड करून फुंका."

"तिकडे भिंत आहे."

"भिंतीला लापशी खायची नसते."

तो तोंड वळवायचा नाही. ज्या दोन वर्षांत रापीनं कापण्यासारखं हाताशी काहीच नव्हतं, त्या वर्षांत तर तो जास्तच वेळ घासत बसायचा. ऑर्फाला तो आवाज दाताखाली खडा आल्यासारखा वाटे.

टिलबरो गाव हातमोज्यांवर जगत होतं. घरोघरी शिवणयंत्र आणि प्रत्येक यंत्राखाली कोकराच्या, हरणाच्या कातड्याच्या कातरणांचा ढीग. ऑर्फाही घरीच हातमोजे शिवायची. रॉयल सटलिफ यांच्या कारखान्याची गाडी सोमवारी कापलेल्या कातड्याचे गठ्ठे टाकून जायची आणि शनिवारी शिवलेले मोजे घेऊन जायची. गॅरेटला या सगळ्या धंद्याचा तिटकारा होता. तो जाड, बैलाच्या कातड्याचा माणूस. कालव्याकाठी चाळीस वर्षं त्याचं घोड्यांच्या साजाचं दुकान होतं, आणि तो गावाला तोंडावर 'बोटांचे शिंपी' म्हणायचा. गावानंही ते लक्षात ठेवलं होतं. मोटारी आल्या, घोडे गेले, दुकानाच्या जागी टायरवाला आला, तेव्हा वाईट वाटलं असं म्हणायला कुणी आलं नाही. गॅरेट आपली हत्यारं हातगाडीवर घालून मुलीच्या दोन खोल्यांत राहायला आला. टोपीसुद्धा न काढता त्यानं विचारलं, "खिडकीजवळची जागा कुणाची?"

"माझ्या यंत्राची."

"ते हलव. मला उजेड लागतो."

ऑर्फानं यंत्र हलवलं नाही. वर्षभर दोघंही त्या एका खिडकीसाठी एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून बसत राहिली.

दुकान चालू असताना गॅरेटची एक रीत होती. गिऱ्हाईक नवा साज न्यायला आलं की तो सगळा साज फळीवर पसरायचा, एकेका पट्ट्यावर हात ठेवायचा आणि त्याचं नाव मोठ्यानं सांगायचा. गिऱ्हाइकानं ते नाव मागोमाग म्हणायचं. सगळी नावं म्हणून झाल्याशिवाय साज दुकानाबाहेर जात नसे. शेतकरी वैतागायचे. एका न्यायाधीशानं नाही म्हणून पाहिलं, तर गॅरेटनं साज गुंडाळून परत खुंटीला टांगला. त्याचं म्हणणं असं, की कुठला पट्टा कुठला हे ज्याला सांगता येत नाही, तो पट्टा भलत्याच कडीत अडकवणार आणि घोड्याला गाडीसकट कालव्यात घालणार. ही रीत त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळाली होती. तिनं त्याची किती गिऱ्हाइकं घालवली, याचा हिशेब त्यानं कधी केला नाही. ऑर्फाच्या आईनं मात्र केला होता, आणि मरेपर्यंत ऐकवला होता.

गावातले निम्मे कारखाने बंद पडल्यावर सरकारी मदत आली. म्हणजे आधी मिस पर्डी आली. जिल्ह्याच्या कचेरीतली ही तरुण बाई, डोक्यावर करडी हॅट, हातात कागद. घर मदतीइतकं गरीब आहे का ते तपासायला तिनं कपाट उघडून पाहिलं, पिठाच्या डब्याचं झाकण उचललं, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. ऑर्फा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. पुढच्या आठवड्यात मदतीची पेटी आली. तीत मांसाचे डबे होते आणि लहान पपनसासारखी पिवळी फळं होती. ती कशी खायची हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑर्फानं ती बटाट्यासारखी उकडली. दोघांनी मीठ लावून मुकाट्यानं खाल्ली.

"काय आहे हे?" शेवटी गॅरेटनं विचारलं.

"सरकार."

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात मिस पर्डी पुन्हा आली, ती काम घेऊन. आगीच्या बंबाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती. तिथं गॅरेटनं बारा बेकार माणसांना चामड्याचं काम शिकवायचं. त्याला आणि त्यांना सरकार आठवड्याचा पगार देणार होतं. कातडी कमावणारे कारखाने टाकाऊ तुकडे फुकट देणार होते. गॅरेटनं विचारलं, "बोटांचे शिंपी आहेत का त्यांत?"

"सगळे तेच आहेत, मिस्टर वेम्पल."

"मग बारा नकोत, सहा पुरे. सहांच्याच चुका मला झेपतील."

आले बाराच. त्यातला बर्ट आर्गरसिंगर सटलिफच्या कारखान्यात वीस वर्षं कातडं कापायचा. पन्नाशीचा, लठ्ठ, तोंडाळ. गॅरेटला तो पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागला. त्यात आदर कमी आणि टोमणा जास्त होता.

पहिला महिनाभर गॅरेटनं कुणालाही उपयोगाची वस्तू करू दिली नाही. नुसत्या वाद्या कापायच्या आणि वेणी घालायची. आधी चार पदरी, मग सहा, मग आठ. उपयोगाच्या वस्तूवर हात बसवू गेलं की हातही बसत नाही आणि वस्तूही जाते, असं तो सांगे. वेणी थोडी जरी वाकडी गेली तरी तो ती उसवून जमिनीवर टाकायचा.

"ही वेणी आहे की उंदराचं शेपूट?"

"उंदराला विचारा, मास्तर," बर्ट म्हणायचा. "त्याचं समाधान आहे."

"पुन्हा घाल."

या सरावाच्या वेण्यांना गॅरेट बूनडॉगल म्हणायचा. दुकान बंद व्हायच्या आधीच्या वर्षांत स्काउटांचा एक नायक त्याच्याकडून उरलेल्या वाद्या न्यायचा. त्याची पोरं त्या विणून गळ्यात घालायची आणि त्यांना हे नाव होतं. कुठून आलं, नायकालाही सांगता आलं नव्हतं. गॅरेटला ते आवडलं, कारण ते दुसऱ्या कशाचंच नाव नव्हतं. खरं काम संपल्यावर उरलेली वादी आणि उरलेला हात, दोन्ही फुकट जाऊ नयेत म्हणून केलेली वस्तू म्हणजे बूनडॉगल. त्यात हसण्यासारखं काही आहे, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

फेब्रुवारीत बर्टची आठ पदरी वेणी पहिल्यांदा सरळ आली. वीतभर लांब, सापासारखी गोल, शेवटी गाठ. गॅरेटनं ती उजेडात धरली, बोटांतून फिरवली आणि खिळ्याला टांगली. त्या दिवशी घरी आल्यावर तो ऑर्फाला म्हणाला, "त्या लठ्ठ्याला हात आहेत." इतकं चांगलं बोलताना ऑर्फानं त्याला आईबद्दलही कधी ऐकलं नव्हतं. तिला ते आवडलं नाही.

एप्रिलमध्ये न्यूयॉर्क शहरात मदतीच्या कामांची चौकशी बसली. बेकारांना काय शिकवता, असं कुणाला तरी विचारलं आणि त्यानं सांगताना 'बूनडॉगल' हा शब्द उच्चारला. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता, सरकारी पैशानं चाललेल्या निरुपयोगी कामाचं नाव म्हणून. तिथून टिलबरोला यायला त्याला तीन दिवस लागले.

आधी तो न्हाव्याच्या दुकानात ऐकू आला. मग चर्चच्या पायऱ्यांवर, मग सगळीकडे. गटाराची दुरुस्ती बूनडॉगल झाली. वाचनालयाच्या खिडक्या पुसणं बूनडॉगल झालं. झाडूवर रेलून कुणी घटकाभर थांबला की तो बूनडॉगल करत होता. वाण्यानं डब्यांचा मनोरा रचला, त्याला त्याच्या बायकोनं तेच नाव ठेवलं. बायकोच्या क्रोशाच्या रुमालांना नवऱ्यानं ठेवलं. पंधरवड्यात ऑर्फाच्या ध्यानात आलं, की या शब्दात कुठलंही काम मावतं. फक्त बोलणाऱ्याचं स्वतःचं मावत नाही.

मग लोकांना आठवलं, की हा शब्द गावात एक माणूस हिवाळ्यापासून वापरतो आहे.

"काय ऑर्फा," वाणी म्हणाला, "म्हातारबांचं बूनडॉगल कसं काय चाललंय?"

"तुमच्या तराजूपेक्षा सरळ."

असं बोलून ती बाहेर पडली, पण तिचे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाराच्या मुठीला गवताची वेणी बांधून गेलं. गॅरेटनं ती सोडून आत आणली, खिडकीशी नेऊन पाहिली.

"तीन पदरी," तो म्हणाला. "आणि तीही सैल."

"बाबा, ते तुम्हाला हसताहेत."

"हसायला हरकत नाही. वेणी तरी नीट घालावी."

ऑर्फाला ती वेणी त्याच्या तोंडावर फेकाविशी वाटली. रस्त्यातून जाताना तिला हसू ऐकावं लागायचं, त्याला नाही. तो तर वरच्या मजल्यावर बसलेला असायचा.

जूनमध्ये वर्गाच्या खोलीची मुदत संपत होती. पुढं चालू ठेवायची तर गाव-मंडळाची संमती हवी, आणि मंडळाचे अध्यक्ष होते खुद्द रॉयल सटलिफ. मदतीच्या कामांनी माणसं माजतात आणि कारखान्याच्या मजुरीला नाकं मुरडतात, हे ते उघड बोलायचे. त्यांनी जाहीर सुनावणी ठेवली. संमती मिळाली नाही तर वर्ग त्याच दिवशी बंद, आणि गॅरेट पुन्हा खिडकीशी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मिस पर्डी घरी आली. तिनं एक पाटी आणली होती. तिच्यावर सुबक अक्षरांत 'चर्मवस्तू प्रशिक्षण वर्ग' असं लिहिलं होतं.

"ही दारावर लावायची," ती म्हणाली. "आणि मिस्टर वेम्पल, तो शब्द उद्या तुमच्या तोंडून येता कामा नये."

"कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला."

"तुम्हाला तो उच्चारवत नाही का?"

मिस पर्डीनं ऑर्फाकडे पाहिलं. ऑर्फानं मोजा खाली ठेवला.

"बाबा, त्यांना वस्तू दाखवा. पट्टे, दोऱ्या. विचारलं तर सांगा, चाकूची दोरी, किल्लीची दोरी. काय बिघडतं?"

"किल्लीची दोरी असेल तर किल्लीची दोरी म्हणेन."

"आणि नसेल तर?"

"तर कशाला म्हणू?"

"माझ्यासाठी," ऑर्फा म्हणाली. "माझे गठ्ठे सटलिफकडून येतात. बारा माणसांचं सोडा. घरात खायचं काय, उकडलेलं सरकार?"

गॅरेटनं मिस पर्डीची पाटी हातात घेऊन वाचली. मग म्हणाला, "अक्षर छान आहे," आणि कॉफी संपवून उठला. मिस पर्डीला तो होकार वाटला. ऑर्फा त्याला जास्त ओळखत होती.

सुनावणी दुपारी होती, मंडळाच्या सभागृहात. खिडक्या उघड्या होत्या तरी आत घामाचा आणि कमावलेल्या कातड्याचा वास कोंडला होता. वर्गातले बाराही जण दाढी करून एका रांगेत बसले होते. बर्टनं गळपट्टा बांधला होता, त्यामुळे त्याचा चेहरा लाल दिसत होता. ऑर्फा शेवटच्या बाकावर होती.

सटलिफ आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. पातळ आवाजात, जणू घरच्या माणसाची विचारपूस करावी तसं ते बोलायचे.

"मिस्टर वेम्पल, बारा धडधाकट माणसं सहा महिने त्या खोलीत काय करत होती, तेवढं मंडळाला समजावं. दाखवता?"

गॅरेटनं पेटी उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. मग, दुकानात करायचा तसाच, त्यानं पहिल्या वस्तूवर हात ठेवला.

"कुत्र्याचा पट्टा."

हात पुढच्या वस्तूवर.

"चाकूची दोरी. कंबरपट्टा. पडदा ओढायची वादी. दुधाच्या किटलीची मूठ."

तो प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होता. मंडळातल्या कुणीतरी ते मागोमाग म्हणावं अशी त्याची अपेक्षा आहे, हे त्या सभागृहात फक्त ऑर्फाला कळत होतं. पेटी रिकामी झाल्यासारखी वाटली. मिस पर्डीनं श्वास सोडला. बर्टनं गळपट्टा सैल केला.

सटलिफ वाकले आणि त्यांनी पेटीच्या तळाशी राहिलेली एक वस्तू दोन बोटांनी वर काढली. बर्टची आठ पदरी वेणी.

"आणि हे?"

गॅरेटनं ती त्यांच्या हातातून घेतली, टेबलावर सरळ ठेवली. तिच्यावर हात ठेवला. तेवढ्या वेळात ऑर्फा मनात म्हणत होती, किल्लीची दोरी, बाबा, किल्लीची दोरी.

"बूनडॉगल," गॅरेट म्हणाला.

हसू आधी मागून उठलं, मग खिडक्यांशी उभ्या असलेल्यांतून, मग सगळीकडून. बाकं हलली. मंडळातला एक सभासद डोळे पुसू लागला. आणि ऑर्फाही हसली. एकदाच, नाकातून, नकळत, शिंक यावी तसं. तिनं तोंडावर हात ठेवेपर्यंत गॅरेटनं मान वर करून शेवटच्या बाकाकडे पाहिलं होतं.

"उपयोग काय याचा?" हसू विरल्यावर सटलिफनी विचारलं.

"काही नाही."

"मग केलं कशाला?"

"दोन वर्षं ज्याचे हात खिशात होते त्यानं केलंय. आठ पदर आहेत. एकही सुटलेला नाही. तुमच्या कारखान्यात आज हे कुणाला जमणार नाही."

"कारखान्यात ते कुणी करायला बसलं," सटलिफ त्याच पातळ आवाजात म्हणाले, "तर मी त्याला त्याच दिवशी काढेन."

"ह्याला काढलंतच की. त्याआधी वीस वर्षं हा तुमच्याकडे होता. तेव्हा कधी पाहिले होते का ह्याचे हात?"

यावर कुणी हसलं नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही. हात वर झाले. संमती नाकारली गेली. पाच मिनिटांचं काम.

बाहेर पायऱ्यांवर बर्ट उभा होता. गळपट्टा त्यानं खिशात कोंबला होता.

"मास्तर, एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला."

"तुझी वेणी होती. तिला भलतं नाव द्यायचं होतं?"

"माझी होती ना? मग मला विचारायचं. मी म्हटलं असतं, कुत्र्याची शेपटी म्हणा. गाढवाचं काहीही म्हणा. अकरा माणसं घरी गेली, मास्तर. बारावा मी." आणि तो गॅरेटच्या बुटापासून वीतभर अंतरावर थुंकला. "आता बसा खिडकीत आणि स्वतःलाच नावं शिकवा."

घरापर्यंत बाप-लेक रस्त्याच्या दोन कडांनी चालत आली.

अकरा दिवस गॅरेट ऑर्फाशी बोलला नाही. तिला वाटलं होतं, आपणच अबोला धरू. ती संधीही त्यानं ठेवली नाही. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "मी मुद्दाम हसले नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मुद्दाम हसणारे बाकीचे होते."

त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सटलिफचे गठ्ठे थांबले नाहीत. उलट वाढले. गाडीवाला ते उतरवताना दात दाखवून म्हणायचा, "साहेबांनी सांगितलंय, त्या बाईचं काम कमी करू नका, तिच्या घरी एक करमणूक आहे." ऑर्फा गठ्ठे घ्यायची. ते नाकारण्याइतकी ती बापावर गेलेली नव्हती, आणि त्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात तिनं या गोष्टीबद्दल त्याचा आणि स्वतःचा सारखाच राग केला.

सप्टेंबरमध्ये गॅरेटला दुसरं काम मिळालं. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी टाकायची. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या हातात फावडं आलं. महिनाभर त्यांनी रस्त्याच्या डाव्या बाजूला खडीचा ढीग रचला. मग इंजिनियरची आखणी बदलली आणि तोच ढीग त्यांनी महिनाभर उजवीकडे नेला. नोव्हेंबरात पुन्हा आखणी बदलली. रस्त्यानं मोटारी जायच्या. सटलिफची मोटारही जायची. ते काच खाली करून या माणसांकडे पाहून मान हलवायचे, कष्टाळू माणसांकडे पाहून हलवतात तशी. गावात कुणीही या कामाला नाव ठेवलं नाही. फावडं होतं, घाम होता, लांबून ते कामासारखं दिसत होतं.

"आज किती झालं?" ऑर्फानं एकदा त्याचे बूट काढताना विचारलं.

"काल इकडे होता तेवढा तिकडे झाला."

"मुकादमाला सांगायचं."

"सांगितलं. तो म्हणाला, वेम्पल, तू बोलू नकोस, मागच्या वेळी बोललास तेव्हा काय झालं ते ठाऊक आहे." बोटं वाकवून तो त्यांच्याकडे पाहू लागला. ती सुजली होती आणि पूर्ण मिटत नव्हती. "ह्याला काय म्हणतात, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, रस्ता."

डिसेंबरात बर्फ पडलं तरी खडी चालू राहिली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला गॅरेट आजारी पडला. आधी खोकला, मग छाती भरली. डॉक्टर आला, कान लावून ऐकलं आणि ऑर्फाला दाराबाहेर बोलावून बोलला. तिनं पलंग खिडकीशी आणला आणि शिवणयंत्र हलवलं.

त्याच आठवड्यात दुपारी दार वाजलं. बर्ट होता, टोपी डोक्यावर, बूट बर्फानं भरलेले.

"काय हवंय?" ऑर्फानं दार अडवून विचारलं.

"वर्ग पुन्हा निघालाय. जिल्ह्याच्या कचेरीनं काढलाय, मंडळाला न विचारता, चर्चच्या तळघरात. पाटी निराळी आहे." तो थोडा अडखळला. "शिकवायला मला नेमलंय."

"वा. थुंकायलाही शिकवणार का?"

"ऐकून घे. शिवायची घोडी हवी आहे. गावात दुसरी कुणाकडे नाही."

घोडी म्हणजे एक लाकडी बाक. त्याच्या टोकाला लाकडाचाच उभा जबडा. माणूस बाकावर मांड टाकून बसतो, पायानं वादी दाबली की जबडा चामडं घट्ट धरतो आणि शिवायला दोन्ही हात मोकळे राहतात. गॅरेटची घोडी पलंगामागे भिंतीला टेकलेली होती. ऑर्फा तिच्यावर ओले कपडे वाळत घालायची.

"नाही मिळणार," ती म्हणाली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"बर्ट. घोडी मागायला आलाय. वर्ग याला दिलाय."

मग गॅरेट म्हणाला, "बूट पुसून ये म्हणावं."

बर्ट आत येऊन पलंगापासून लांब उभा राहिला. आता टोपी हातात होती. गॅरेटनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो छताकडे पाहत विचारत होता.

"वेणी घालायला लावतोस?"

"पहिला महिना तीच."

"वाकडी आली तर?"

"उसवतो."

"नाव काय देतोस तिला?"

"कागदावर सराव म्हणून लिहितो."

"कागदावर नाही विचारलं."

बर्टनं टोपीची कड फिरवली. "तोंडी काहीच म्हणत नाही, मास्तर. नुसती हातात देतो. नाव विचारलं तर म्हणतो, जमली की सांगीन."

"आणि जमली की?"

"अजून कुणाला जमली नाही."

गॅरेटच्या छातीतून एक आवाज आला. तो खोकला होता की आणखी काही, ते ऑर्फाला कळलं नाही. त्यानं हात उचलून भिंतीकडे दाखवला. बर्टनं घोडीवरचे ओले कपडे एकेक करून काढले आणि ऑर्फाच्या हातात दिले. तिनं ते घेतले. क्षमा झाली असं कुणी म्हणालं नाही, आणि झालीही नव्हती. बर्ट घोडी घेऊन बाहेर पडला. अरुंद जिन्यावर ती प्रत्येक पायरीवर आपटत होती.

गॅरेट त्यानंतर दोन दिवस जगला, पण बोलला नाही. नंतर दफनाच्या वेळी चार शब्द सांगायचे म्हणून पाद्री ऑर्फाला विचारायला आला, की वडील शेवटी काही म्हणाले का. ती म्हणाली, काही विशेष नाही. आणि ते खरंच होतं. जिन्यातला तो आपटण्याचा आवाज ऐकून त्यानं कोपरावर उठायचा प्रयत्न केला होता, ते जमलं नव्हतं, आणि तो चिडून तिला म्हणाला होता, "त्या गाढवाला सांग, जबड्याला धरून उचलू नको म्हणावं. खालून धर."